आजाऱ्यांच्या नावांत माझं नाव

रविवार, संध्याकाळ. कामोठे.

पप्पांनी आज चर्चच्या उपासनेत सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आजारी लोकांसाठी प्रार्थना करतात ना, त्यात. साळवेआजींचा गुडघा, मग कुणाचं तरी डायलिसिस, मग मी. "प्रभू, माझी मुलगी भरकटली आहे, तिला बरं कर." बरं कर! मला काय झालंय?

झालं ते एवढंच. मागच्या रविवारी संडे स्कूलच्या मुलांना करावेच्या खाडीवर नेलं. चिखलात निवट्या होत्या, पुढच्या परांवर रेटत चालणारे ते मासे. एका मुलीने विचारलं, "टीचर, मासे असेच जमिनीवर आले का?" मी म्हटलं, असेल, देवाला कुठे घाई होती? ते पप्पांच्या कानावर गेलं. "बायबलात, उत्पत्तीच्या पुस्तकात, सृष्टीचे सहा दिवस लिहिलेत. तू वाढवणारी कोण?" मी म्हटलं, तो दिवस आपल्याच घड्याळाचा कशावरून? मग आठवडाभर अबोला.

आणि आज थेट नाव. सगळी मंडळी आमेन म्हणाली. रिक्षात पप्पा माझ्याकडे बघतही नव्हते. माझं चुकलंय असं मला अजून वाटत नाही. निवट्या चालतात, मी काय करू?

आई आजारी होती तेव्हा तिचं नावही ते असंच घ्यायचे, दर रविवारी. ती गेली, त्यानंतरच्या रविवारी घेतलं नाही. आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत.

सकाळी वाटत होतं, पप्पांनी माझं नाव घेणं बंद करावं. आता त्याचीच भीती वाटते.