छावणी हरेल, असं मी लिहिलं

५ जाने., सोम.
आज माझ्यावर अन्याय झाला. त्याची नोंद कुठंतरी राहावी म्हणून इथं करतो. मुलींच्या फुटबॉल स्पर्धेच्या बाद फेरीत कोणता संघ कुठवर जाईल, यावरचं माझं सदर राशिभविष्याच्या खाली छापलं. चौकट तीच, अक्षर तेच. वर 'वृश्चिक : प्रवास टाळा', खाली 'फर्दापूर : अंतिम फेरी'. संपादकांकडं तक्रार नेली. माझ्या संस्कृतामुळं पडलेल्या नावानं हाक मारून म्हणाले, "शास्त्रीबुवा, दोन्ही भविष्यच की!" अहो, ज्योतिषाला निदान पंचांगाचा आधार असतो. मला मैदानावरची प्लास्टिकची खुर्ची, तीही एका पायानं अधू.

भाकीत असं : फर्दापूर अंतिम फेरीत. देवगाव रंगारीही अंतिम फेरीत. छावणी पहिल्याच सामन्यात बाद.

छावणीची गोलकीपर आमची लेक मुक्ता. नाश्त्याला पेपर वाचला. मग पोह्यांची ताटली माझ्यापुढं सरकवली. "घ्या. पराभूत संघाकडून सप्रेम."
तिची आई, नंदा, हसली. मीही हसल्यासारखं केलं.

६ जाने., मंगळ.
सदरात लिहिता येत नाही ते इथं. गेल्या महिन्यात साखळी सामन्यात फर्दापूरच्या नऊ नंबरचा गुडघा मु.च्या कानशिलावर बसला. त्या पोरीचा दोष नाही, ती चेंडूवरच आली होती. मु.सुद्धा चेंडूवरच झेपावली. पडून राहिली. मग उठली, हात वर केला, उरलेला सामना खेळली. डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. डोकं दुखलं, चक्कर आली तर लगेच या. आणि बरं व्हायच्या आत पुन्हा आपटलं तर... हे वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तेव्हापासून मी पुरं करतोय.

आठवडाभरात मु. सरावाला. "ठणठणीत आहे बाबा."
छावणी आणि फर्दापूर यांची आता गाठ पडलीच तर अंतिम सामन्यात. मधे दोन सामने. दोन्हींतला एक छावणी हरली की झालं.

८ जाने., गुरु.
छावणी १, हर्सूल ०. माझं भाकीत पाण्यात. छावणीचे प्रशिक्षक कासम सर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात, "क्या पंडितजी! हमको तो तुम पहिलेच राउंड में घर भेज दिए थे ना?"
"काकतालीय न्याय, सर. कावळा बसला आणि ताड पडला."
"हौ, मगर कव्वा हमारा था!"

हसलो. पण एक पाहिलंय. उत्तरार्धात उंच चेंडू आला तेव्हा मु. क्षणभर थांबली. मग उडी. चेंडू धरला, टाळ्या पडल्या. तो क्षण कुणाला दिसला नाही. पूर्वी नव्हता तो.
घरी आल्यावर, "ट्यूबलाइट बंद करा ना, डोळ्यांत खुपतेय."

९ जाने., शुक्र.
विचारलं. हे असं विचारलं : "काय गं, हल्ली चेंडू एकच दिसतो ना?"
"दोन दिसले तर जवळचा पकडायचा, बाबा."
आणि गेली आंघोळीला. थट्टा होती? मीच शिकवलंय तिला असं बोलायला. आता कळायला मार्ग नाही.

११ जाने., रवि.
देवगाव रंगारीला जाऊन आलो. उपांत्य सामना छावणीशी, म्हणून संघ बघायला. गावाबाहेरच्या पडीक रानात सराव. कर्णधार पोरगी धीट. "सायेब, आमी जिंकू असं ल्हा की. पण तुमच्या छावणीची ती किपर लई बेक्कार हाय. पार पायात घुसती. तिला डोक्याचं भ्याव हाय का नाय?"
"नाय," म्हणालो. माझं मला ऐकू आलं.

त्यांची पुढच्या फळीतली मुख्य पोरगी बाजूला दगडावर बसून. घोटा सुजून टम्म. दोन पावलं चालली तर तोंड वाकडं. ती नसेल तर देवगावकडं काही नाही. हे शेंबडं पोरही सांगेल.

घरी येऊन लिहिलं : देवगाव जिंकेल. छावणीचा प्रवास इथंच संपेल.
संपादक फोनवर, "आधार काय?"
"अनुमान."
धूर दिसला तर अग्नी आहे म्हणावं, हे अनुमान. मी धूर बघून पाऊस लिहिला.

१४ जाने., बुध.
टायब्रेकरवर छावणी. मु.नं दोन पेनल्टी अडवल्या. दुसरीला डावीकडं अशी झेपावली की खांब आणि तिचं डोकं यांच्यात... नाही लिहीत.
सगळं मैदान उभं. कासम सर नाचत होते. शेजारच्या पत्रकारानं चिमटा काढला, "लेक जिंकली आणि बाप सुतकात? भाकीत चुकलं म्हणून एवढं?" मी म्हणालो, पत्रकाराची विश्वासार्हता म्हणून काही असते.

दुसऱ्या सामन्यात फर्दापूर सहज. त्यांच्याबद्दलचं तेवढं बरोबर आलं. रविवारी गाठ.

१५ जाने., गुरु.
मु.नं संध्याकाळी माझ्या दोन्ही भाकितांची कात्रणं टेबलावर ठेवली. नंदा भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.
"बाबा, देवगावच्या पोरीचा पाय तुम्ही पाहिला होता. तिनंच सांगितलं मला. तरी लिहिलंत?"
"खेळात काय..."
"हे भाकीत नाहीये. हा नवस आहे. तुम्ही पेपरात नवस छापताय."
मी संस्कृतात काहीतरी सुरू केलं.
"संस्कृत नको. मराठीत बोला."

वडील म्हणायचे, आपल्या लोकांना जी भाषा शिकू दिली नाही, ती आधी शीक. शिकलो. लेकीपासून लपायला उपयोगी पडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

म्हणालो, "डॉक्टरकडं जाऊ. उद्याच."
"सोमवारी. शब्द देते. सामना झाला की."
"आणि डोकं?"
"सोमवारी दाखवते म्हटलं ना." मग कात्रणं गोळा करत, "तुम्ही आधी विचारलं असतं तर. असं विनोद करून नाही. नीट."

१६ जाने., शुक्र.
कासम सरांच्या घरी. चहा. फर्दापूर कसं खेळतं यावर त्यांचं लांबलचक प्रवचन. शेवटी सांगितलं, मुक्ताला बसवा. तिला अजून त्रास होतोय.
सर माझ्याकडं बघत राहिले. मग हसले. प्रेमानंच.
"पंडितजी, नक्को. तुम पहिले राउंड से हमको हरा रहे. कल मुक्ता बोलके गई, बाबा आएंगे, कुछ बोलेंगे, मानना नक्को. डर गए वो, बोली."
"सर, हे खरं आहे."
"और पेपर में लिखे सो?"
मी चहाचा कप खाली ठेवला.
"मैं पूछा उसको. बोली एकदम फिट. बच्ची बोलती फिट, डॉक्टर का कागज भी नहीं. तुम्हारे बोलने पे किसको बिठाऊं?"

घरी आलो. नंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मीही आज विचारलं तिला. मला म्हणते, आई, तू पण बाबांसारखी नको होऊस." मग पदरानं तोंड पुसून, "तुम्ही एक तरी सामना खरा लिहायला हवा होता."

१७ जाने., शनि.
अंतिम सामन्याचं भाकीत द्यायचं होतं. पहिल्यांदा जे दिसतं ते लिहिलं. फर्दापूरची चाल वेगवान, नऊ नंबर थेट गोलवर धावते. छावणीचा बचाव कच्चा, पण गोलकीपर जिल्ह्यात सरस. सामना छावणीही जिंकू शकते.
संपादक, "वा! शेवटी पक्ष बदललात!"

मु.नं वाचलं. टोमणा मारला नाही. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर बशीत गेली. तिनं पटकन बशी उचलून तोंडाला लावली, जणू तसाच प्यायचा होता. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं.

१८ जाने., रवि., सकाळ
नंदा एरवी कुठं हात जोडायला जात नाही, आज बुद्धविहारात जाऊन आली.
मु. अजून खोलीत आहे. सामना दुपारी. ती बाहेर आली की दारातच उभा राहणार आहे. ऐकेल की नाही, माहीत नाही. सज्ञान आहे, धरून ठेवता येत नाही. सर मानत नाहीत, आणि ते माझ्यामुळंच.

तिच्यापुढं त त प प होऊ नये म्हणून आधी इथं लिहून बघतो, साध्या मराठीत.
कोण जिंकतं याचं मला काही नाही. त्या दिवशी तू पडलीस आणि हलली नाहीस. तेवढ्या वेळात मी तू नसलेलं घर पाहिलं. आज परत पडलीस तर उठणार नाहीस, अशी मला भीती वाटते. मुक्ता, मला फार भीती वाटते.