यंदा बाईसाहेब गाभण राहणारच

२ मार्च, सकाळी ८
आजपासून रोजनिशी नियमित. संकल्प एकच: बाईसाहेब यंदा गाभण राहणार. (बाईसाहेब म्हणजे आमची घोडी. वय अठरा.) आमच्या रायडिंग स्कूलमध्ये आता ती आणि मी, असे दोघेच उरलोत. हिला (म्हणजे बायकोला) धरून तिघे. गेली दोन वर्षं घोडी राहिली नाही, दोन्ही वेळा दोष घोड्याचा होता.
लेक याच घोडीवर बसायला शिकली. सासरी जाताना तिने दुसरं काही मागितलं नाही. हिचं एक शिंगरू माझ्यासाठी ठेवा, म्हणाली. त्याला चार वर्षं झाली.

५ मार्च, दुपारी १२
सकाळी दहा वीसला घोडी घोड्याकडे नेऊन फळवली. उत्तम.
डॉक्टरीणबाईंचा फोन. म्हाताऱ्या घोडीचं गर्भाशय नंतरची घाण स्वतःहून बाहेर टाकत नाही म्हणे. सूज येते, आत पाणी साचतं. पाच-सहा दिवसांनी गर्भ तिथे उतरतो आणि त्या पाण्यात टिकत नाही. म्हणून सहा तासांनी त्या येऊन सोनोग्राफी करणार. तोवर घोडी बांधून ठेवायची नाही, फिरवायची.
बाई आमच्या लेकीएवढ्या आहेत. सगळं लिहून घेतलं. पण कॉमन सेन्स म्हणून काही असतं. एवढ्या दगदगीनंतर कुणालाही आराम हवा. घोडी बांधली. मीही जरा पडतो.

५ मार्च, संध्याकाळी ६
आत चार सेंटीमीटर पाणी निघालं. किती फिरवली, असं बाईंनी विचारलं. पुरेशी, म्हणालो. मागे ही उगाच खोकली.
मग नळी घालून तीन लिटर सलाईनने गर्भाशय धुतलं. परत आलेलं पाणी साबणाच्या पाण्यासारखं गढूळ. मी त्या वेळी दाराबाहेर हवामान बघत होतो. शेवटी गर्भाशय आवळायचं इंजेक्शन. तेच उद्या सकाळी सातला आपण द्यायचं, आणि तीन वेळा अर्धा-अर्धा तास चालवायचं. दुपारी बाई परत बघणार.

६ मार्च, सकाळी ११
इंजेक्शन सव्वानऊला दिलं. गजर वाजला नसावा. औषध तेवढंच गेलं, म्हणजे हिशेब सारखाच. चालवण्याचं म्हणाल तर माझा गुडघा. घोडी उन्हात उभी केली.
बाईंना फोन करून सांगितलं की घोडी एकदम खुशीत आहे, तुम्ही हेलपाटा घालू नका. तीस वर्षं घोड्यांत काढलीत. डोळ्यांवरून कळतं.

२० मार्च
सोनोग्राफी. गर्भ नाही. पाणी आहे.
बाईंनी यंत्र पुसून गाडीत ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घोडा बदलायला हवा.

२८ मार्च
घोडी पुन्हा माजावर आली. बाईंनी आधी दोनदा गर्भाशय धुऊन घेतलं, आज फळवली. घोडा तोच.
हिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाईमटेबल लावलंय. इंजेक्शन ही देते. फिरवते ही. देखरेख माझी.

३० मार्च
चालणं नियमित. (हिचं आणि घोडीचं.) आज सोनोग्राफीत पाणी जवळजवळ नाही. माझ्या पद्धतीला यश येतंय.

१२ एप्रिल, सकाळी १०
आहे! पडद्यावर काळा गोल ठिपका, शर्टाच्या बटणाएवढा. बाई पहिल्यांदाच हसल्या. पण अठ्ठाविसाव्या दिवशी ठोके दिसेपर्यंत कुणाला सांगू नका, म्हणाल्या. हीही तेच म्हणाली.
मी फक्त लेकीला सांगितलं.  तिने विचारलं, रंग कुठला असेल? तांबडा, म्हणालो. अगदी खात्रीने.

१९ एप्रिल
शिंगरासाठी तबेल्याच्या कोपऱ्यातला गाळा रिकामा केला. आतलं सामान सध्या व्हरांड्यात. ही त्याला अडखळून पडता पडता वाचली. आनंदाच्या प्रसंगी माणसाने थोडं सांभाळून चालावं.

२५ एप्रिल, दुपारी
ठोके नाहीत.
बाईंनी दोनदा बघितलं. गोल आत बसला होता, फुगा सैल पडावा तसा. बाई यायच्या आधीच मी सात कारणं जुळवून ठेवली होती. बाई म्हणाल्या, "या वेळी तुमचं काही चुकलं नाही, सर." एकही कारण कामी आलं नाही.
मग माझ्याच तोंडून निघून गेलं, की मार्चमध्ये मी घोडी फिरवली नव्हती. ठाऊक होतं, म्हणाल्या. तेव्हा फिरवली असती तर राहिली असती का, असं विचारलं. बाई हात धूत होत्या. धुऊन झाले तरी नळ चालूच होता.
"राहिली असती, नसतीही. मला सांगता येणार नाही."
आता पुरे, म्हणाल्या. घोडीचं वय झालं, तिला मोकळी राहू द्या. घोडी चारा खात होती.

२६ एप्रिल
लेकीला कळवायला हवं. लाईन बिझी असणार, म्हणून सकाळी केला नाही. दुपारी ती कामात असते.

२७ एप्रिल, संध्याकाळी ७
केला. तीन वाक्यं पाठ करून ठेवली होती. तिने उचलला, बाबा म्हणाली. मी तिकडे ऊन फार आहे का, एवढं विचारलं आणि फोन हिच्या हातात दिला.
ही अंगणात जाऊन बोलली. बराच वेळ बोलत होती. मी खिडकी लावून घेतली.