पेराच्या वरची गाठ

प्रिय ऐश्वर्या,

त्या जपानी दोरीच्या वर्गाला खरं काय काय लागलं, ते मी काल बसून मांडलं. दोन शनिवार, दोन रविवार, तागाच्या सहा दोऱ्या आणि तुझा उजवा हात. हाताचे आज एक्केचाळीस दिवस झाले. फी किती होती ते तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. एवढा हात गेल्यावर फीचं काय घेऊन बसायचं? नांदेडचे डॉक्टर म्हणाले, नस दबलीय, तुटलेली नाही, तीन महिन्यांत मनगट वर उचलेल. तेव्हा तुझी आई तुझ्या हातावरून नुसता हात फिरवत बसली होती आणि मी बाहेर येऊन पायातच असलेल्या चपला शोधत होतो.

मी चिडलेलो आहे. आधीच लिहून ठेवतो, नाहीतर मधेच कुठं हसलो तर तुला वाटायचं बाबा निवळले.

औंढ्याला आलीस तेव्हा म्हणालीस, स्कूटीवरून पडले. अंगावर ओरखडा नाही, स्कूटीला पोचा नाही आणि मनगट मात्र तुटल्या फांदीसारखं लोंबतंय. अगं, बांबूवर टिचकी मारून आत कीड आहे का नाही ते सांगणारा माणूस मी. माझ्या कानाला तू स्कूटी सांगतेस? तिसऱ्या दिवशी तू गच्चीवरून त्या वर्गाच्या प्रियदर्शनीबाईंशी बोलत होतीस आणि मी खाली जिन्यात ताडपत्री घडी करत होतो. तू म्हणालीस, ताई, घरी नाही सांगितलं, बाबांना कळलं तर... आणि पुढचं गिळलंस. ते मी माझ्या मनानं पुरं केलं. बाबांना कळलं तर ते तुम्हाला सोडायचे न्हाईत.

त्या दिवशी जेवताना मी ताट बाजूला सारून विचारलं आणि तू सांगितलंस. शिबारी म्हणतात, जपानी लोकांची विद्या आहे, माणसाला दोरीनं बांधतात, तुमच्या नाचाच्या मंडळात स्टेजवर करतात. तुझी आई म्हणाली, ‘बांधून घ्यायला फी काहून भरावी लागते? मला तर तुझ्या बाबांनी फुकटात बांधलं.’ तू एवढी हसलीस की डाव्या हातातला ग्लास हिंदकळला. मीही हसलो. पण उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता, तो काही हसण्यात सामील झाला नाही.

मग मी म्हणालो, दाखव तर खरं काय शिकवतात. आपण गोडाऊनमध्ये गेलो. तू तोंडानं सांगत होतीस आणि मी मांडवाच्या लाकडी बल्लीला बांधत होतो. पहिल्या दिवशीची गाठ मला एका झटक्यात जमली, तेव्हा तू म्हणालीस, ‘गाठ कुणालाही येते बाबा, खरी विद्या पुढं आहे.’ भार गाठीवर टाकायचाच नाही, वेढ्यांनी तो वाटून घ्यायचा, गाठ फक्त वेढ्यांना जागेवर धरते. वेढे एकमेकांच्या अंगावर चढू द्यायचे नाहीत, शेजारी शेजारी निजवायचे, म्हणजे दोरी कापत नाही, पट्ट्यासारखी बसते. ओढ कुठून येणार ते आधी ठरवायचं आणि मगच पहिला फेरा घ्यायचा. ओढ बसली की फास आवळत गेला तर ती बांधणी फुकट. भार घेणारी दोरी वेगळी, तिला सरकू न देणारी वेगळी. आणि सोडायचं कसं हे ज्याला आधी ठाऊक नाही त्यानं बांधूच नये.

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. यातलं निम्मं मी कामावरच्या हरिचंदला रोज शिव्या घालून सांगतो, पण इतकं सरळ मला कधी मांडता आलं नाही. चौदाव्या वर्षी दुसऱ्याच्या मांडवाचे बांबू धरायला उभा राहिलो होतो, शिकवणारं कुणी नव्हतं, बघून बघून शिकलो. मलाही मग चेव आला. मी तुला आमची मांडववाल्यांची खूण दाखवली. बांबूला दोरी सपाट भागावर कधी बांधायची नाही, पेराच्या बरोबर वर बांधायची. पेर, म्हणजे दोन कांड्यांमधला सांधा, फुगीर असतं, भार आला तरी दोरी त्याच्या खाली उतरत नाही. वर म्हणालो, ‘स्वतःचा मांडव घालायला लागून बत्तीस वर्षं झाली. डोंगरकडा गावातल्या लग्नात वावटळीनं कापड फाटून शेतात गेलं, पण बांधणी जागची हालली न्हाई. माझ्या बांधणीनं आजवर एका माणसाला खरचटलं न्हाई.’ तू त्या बल्लीकडंच बघत राहिलीस. मला वाटलं, कौतुकानं.

त्यानंतर महिनाभर मी त्या बाईंचा उद्धार केला. सकाळच्या चहाला, रात्रीच्या भाकरीला. भामटी म्हणालो, लोकांची लेकरं लुळी करून राहिली म्हणालो. पाहुणे आले की तुझा हात दाखवायचो आणि सुरू व्हायचो. तू एकदाही माझ्या बोलण्याला हो म्हणाली नाहीस आणि एकदाही तिची बाजू घेतली नाहीस. ‘जाऊ द्या ना बाबा,’ एवढंच. रविवारी तुला पुण्याच्या गाडीत बसवलं, तेव्हा खिडकीतून शेवटचं मी काय बोललो? पुन्हा त्या वर्गाची पायरी चढलीस तर माझ्याशी बोलू नको. तू मान हलवलीस. तीस वर्षांची पोरगी, स्वतःच्या पायावर उभी, आणि बापाचं ऐकून आवडीचं काम सोडायला तयार झाली. याचंही मला तेव्हा बरंच वाटलं.

काल दुपारी तुझ्या आईच्या फोनमधून नंबर काढला आणि बाईंना फोन लावला. म्हणालो, दोरी धरायची अक्कल न्हाई अन् माणसं बांधता? अजून बरंच बोललो, ते तुझ्या आईनं स्वयंपाकघरातून ऐकलंय, तिला विचार. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाल्या, ‘काका, तुमचं होऊ द्या, मग मी बोलते.’ मी म्हणालो, बोला.

म्हणून हे पत्र, ऐशू. फोनवर मला हे जमलं नसतं. त्या म्हणाल्या, कोपराच्या वर बाहेरच्या अंगाला नस हाडाला टेकून जाते, तिथं भाराची दोरी नको, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. तुझा हात वर्गात गेलाच नाही. पुण्याला घरी सरावाला वर्गातली पूजा तुला बांधत होती आणि दंडावरची दोरी सारखी खाली कोपराकडे सरकत होती. तू पूजाला म्हणालीस, थांब, माझ्या घरी यातला माणूस आहे. मला आता तो फोन आठवतो. मी साखरा गावी एका मांडवाच्या शिडीवर होतो, फोन कानाला आणि खांद्याला दाबलेला. तू विचारलंस, ‘बाबा, उभ्या खांबाला बांधलेली दोरी भार आला की सरकते, काय करू?’ खांब म्हणालीस तू. कसला खांब, हे मी विचारलं नाही. गच्चीवर तू गिळलेलं वाक्य बाईंनी काल मला पुरं ऐकवलं, बाबांना कळलं तर ते पुन्हा दोरीला हात लावणार नाहीत. एक्केचाळीस दिवस तू हा भार एकटीनं घेतलास आणि त्या बाईंनी माझ्या शिव्या खाल्ल्या. काहून? माझी चूक मला सांगायची नाही, इतका का मी नाजूक आहे? याचाच मला राग आहे आणि तो लवकर जायचा नाही. बाईंची मी माफी मागितली आहे. हात बरा झाला की वर्गाला जा, त्यांच्याकडेच जा, आणि दोरीचं काही विचारायचं झालं तर त्यांनाच विचार. त्या दिवशी शिडीवरून मी तुला म्हणालो होतो, ‘पेराच्या वर घे अन् कचकून ओढ.’

तुझाच,
बाबा