बाहुल्यांसारखे मांडलेले दगड

मंगळवार, दिवेलागणीनंतर

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला पंप चांगला चालतोय, वरचं पाणी नुसतं नाचतंय. मग प्रवाळ मरतंय कशानं? आज कळलं. दगडांच्या मागं चिमूटभर खाद्य सोडलं, तर ते तिथंच पडून राहिलं. पुढं मासे लाटेबरोबर डोलतायत आणि मागं ते खाद्य जागचं हलेना.

चूक आमच्या घराचीच. दगड आईनं लावलेत, दसऱ्याला माहेरच्या कानडी रीतीनं बाहुल्या मांडते तसे. मागच्या काचेला टेकवून, पायरीवर पायरी, मध्ये फट म्हणून नाही. मीही वा वा केलं. पाणी मागून फिरणार कुठून, हे तेव्हा का नाही सुचलं? बाहुल्यांना श्वास थोडाच घ्यायचा असतो!

उद्या सगळं मोडायला हवं. तेच सांगायला गेलो, तर आई टाकीच्या काचेला नाक लावून बसलेली. डोळे अधू झालेत, तरी खूश.

"नोडो, बघ रे, खालच्या पायरीवरचं किती पांढरंशुभ्र झालंय! माझ्या हातचं फुललं बघ."

पांढरं म्हणजे मेलेलं. मी "हो, आई" म्हणालो.

खाद्य अजून तिथंच आहे.