दुसऱ्या डोळ्याची राखण

सौंसर,
श्रावणातला तिसरा सोमवार

प्रिय तृप्ते,

पार्सल फोडलंस ना? मग वरचे तुकडे बाजूला काढ. खाली जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं जे आहे त्याला अजून हात लावू नकोस, त्याचं शेवटी सांगते. आधी तुझं घेते. परवा फोनवर तू म्हणालीस, पाकीट वाकडं झालं, झाकण बसत नाही, आता अवजारं कोणाला तरी देऊन टाकते आणि रविवारी मस्त झोपा काढते. काहून गं? एवढ्या लांब पुण्यात जाऊन, चामडेकामाचा क्लास लावून, पहिल्याच पाकिटाला घाबरलीस? सावरगावच्या पोरी अशा नसतात बाप्पा. माझं पहिलं पाकीट तू पाहिलं नाहीस म्हणून बोलतेस. त्यात नोट घातली की बाहेर काढायला चिमटा लागायचा. आमच्या ह्यांनी ते कौतुकानं खिशात मिरवलं आणि पैसे मात्र शर्टाच्या वरच्या खिशात ठेवले. वरचे तुकडे त्यासाठीच पाठवले आहेत, नागपूरहून आणलेल्या कातड्यातले उरलेले. त्यांच्यावर काहीही कर, कोणी हिशोब विचारणार नाही.

मी ह्या नादाला कशी लागले ते तुला ठाऊक आहे, पण सध्या ते सगळं सारखं मनात येऊन राहिलं आहे, म्हणून लिहिते. पुण्यातल्या मैत्रिणींना तू सांगतेस ना, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, एका काठावर सावरगाव, दुसऱ्या काठावर पांढुर्णा, आणि झेंडा काढण्यासाठी दिवसभर एकमेकांना दगड मारतात, आणि त्यांना ते खरं वाटत नाही. मला तर जन्मापासून खरं वाटत आलं, आणि भीती अशी कधी वाटली नव्हती. लहानपणी आपण दोघी आपापल्या गच्चीवरून ओरडत होतो, तू सावरगावातून, मी पांढुर्ण्यातून, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत एकाच बाकावर डबा खात होतो. मग दोन वर्षांमागच्या गोटमारीत माझ्या पाठचा कुलदीप झाडाच्या अगदी जवळ पोचला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर दगड बसला. तुमच्या काठावरून आला, कोणाच्या हातचा ते चंडीमातेलाच ठाऊक. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा गेला म्हणून सांगितलं तेव्हा आई भिंतीला टेकली ती तशीच खाली बसली. कुलदीप तिला समजावत होता की दुसरा आहे ना.

दवाखान्यातली कापडी पट्टी संत्र्याच्या बगीच्यात काम करताना घामानं ओली व्हायची आणि गालावरची कातडी सोलून निघायची. म्हणून मी म्हटलं, आपण मऊ चामड्याची करू. मला चामड्याला भोक पाडायची आरी कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मोबाइलवर पाहून पाहून शिकले. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, देवघराच्या ह्या बाजूला ते कातडं आणायचं नाही, म्हणून मी न्हाणीजवळच्या टिनाच्या खोलीत बसायला लागले. आता त्याच विचारतात, चष्म्याचं घर कधी देतेस म्हणून. डोळ्यावर बसायला पट्टीला थोडा फुगवटा हवा, तर ओलं चामडं कशावर तरी बांधून वाळवायचं, एवढं कळलं होतं. मी शहाणी, स्वयंपाकघरातली लोखंडी पळी उलटी केली आणि तिच्यावर चामडं करकचून बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सोडून पाहते तर चामडं निळंकाळं, आणि तो डाग धुतला, घासला, जाईचना. झाडाच्या सालीत कमावलेलं ओलं चामडं आणि लोखंड ह्यांचं पटत नाही, हे तू तुझ्या वहीत लिहून ठेव. मग बाबांच्या बगीच्यात गळून पडलेली हिरवी संत्री होती, लिंबाएवढी. त्यातल्या एकावर बांधून सावलीत वाळवलं, तेव्हा कुठे छान गोल आकार आला. तरी रंग देताना चुकलेच. कोरड्या फडक्यानं पुसून पुसून फडक्याला रंग लागेनासा झाला की मगच मेणाचा हात द्यायचा, ते मी केलं नाही. कुलदीपच्या गालावर घामासोबत काळा ओघळ आला. बाजारात पोरं हसली, तोही हसला, पण पट्टी काढली नाही त्यानं. अशा भावासाठी माणूस किती वेळा चुकायला तयार होतं गं.

तेव्हा तुझ्या पाकिटाचं म्हणशील तर ऐक. तू घाईनं कापलंस. एका दमात सुरी ओढायची नाही, हलक्या हातानं पुन्हा पुन्हा त्याच रेषेवरून न्यायची. छिद्रांच्या खुणा आधी करायच्या, त्याला घरातला जेवणाचा काटासुद्धा चालतो, आणि आरी सरळ घालायची, कारण कापडात सुई चुकली तर छिद्र मिटतं, चामड्यात मिटत नाही. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच छिद्रातून समोरासमोर, आणि दोन्ही हात सारखे ओढायचे. तू रागावलीस की उजवा हात जास्त ओढतेस, मी तुझं अक्षरही असंच तिरपं झालेलं पाहिलं आहे. शिवण वाकडी गेली तर उसवायची लाज नाही बाळगायची. मी तर इतकं उसवलं आहे की ह्यांना वाटलं मी उसवायचाच क्लास लावला आहे. जुनं वाळलेलं चामडं असेल तर आधी तेलाचा हात, मग दोन दिवस सावलीत, मग पुन्हा तेल. उन्हात ठेवलंस तर तडकेल. वेळ लागतो म्हणून जीव वर-खाली करायचा नाही. हे मी तुला सांगून राहिले, आणि ह्या महिन्यात माझंच कामात लक्ष नाही. समोरच्या बांधकामावर परवा ट्रकनं गिट्टी ओतली, तर मी आरी टाकून उभीच राहिले. सासूबाई म्हणाल्या, काय झालं वो? मी म्हटलं, काही नाही, आरी निसटली.

कारण कुलदीपला पुन्हा नदीत उतरायचं आहे. झालं, लिहून टाकलं. डोळा गेला तं झेंडा तरी आणतो, असं म्हणतो. त्याचे दोस्त त्याला मस्करीत काण्या म्हणतात, आणि तो हसून घेतो, पण तो शब्द त्याच्या आत कुठे जाऊन बसतो ते मला माहीत आहे. गेल्या वर्षी आईनं आजारी पडून त्याला अडवलं. ह्या वर्षी तिनं त्याला जामसांवलीला नेलं आणि मारुतीसमोर शपथ घ्यायला लावली. नदीत पाय ठेवणार नाही, अशी शपथ तो घेईना. खूप रडारड झाली, तेव्हा एवढी घेतली की ताई दुसऱ्या डोळ्याची राखण करून देत नाही तोवर उतरणार नाही. आईला वाटलं, जिंकलो, उर्वशी कशाला असलं काही करून देते! आणि तो तिथूनच माझ्याकडे सौंसरला आला, आमच्या चांद्या बैलाच्या घुंगरांचा जुना पट्टा घेऊन. चांगलं जाड चामडं आहे ताई, ह्याची जाड पट्टी कर, पाहायला मधे बारीक फट ठेव, मागून आवळता आली पाहिजे. मी नाही म्हणणार होते. तर म्हणाला, तूच नाही म्हणतेस तं शपथ सुटली, मी तसाच जातो. आता काय बोलशील? मी पट्टा हातात घेतला.

आणि मन लावून केलं गं, हेच तर. मला वाटलं, जातोच आहे तर वाचला पाहिजे. तीन पदर चिकटवले, कडा घासून गुळगुळीत केल्या, आतून मऊ अस्तर लावलं. माझ्या हातून इतकं चांगलं काम पहिल्यांदाच झालं. मग एका दुपारी मला राहवेना. परसातली एक पिकायला आलेली पपई आणली, तिच्यावर ती पट्टी दोरीनं बांधली, भिंतीशी ठेवली आणि थोडं लांब जाऊन मुठीत मावेल असा दगड मारला. तू मला ओळखतेस, माझ्या हातात कितीसा जोर! जवळ जाऊन पाहिलं तर पट्टीला ओरखडासुद्धा नव्हता, शिवण जशीच्या तशी. पट्टी सोडली, आणि आतली पपई पार फुटली होती. बिया माझ्या हाताला लागल्या. मी तिथंच परसात बसले, हातही धुतले नाहीत. कुलदीपला फोन करून सगळं सांगितलं, तर हसून म्हणतो, ताई, माझं डोकं पपई हाये का?

तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. रविवारी तो येऊन पट्टी लावून पाहून गेला. टिनाच्या खोलीतल्या आरशासमोर उभा राहिला, ह्या बाजूला वळला, त्या बाजूला वळला. एका डोळ्यावर माझीच काळी पट्टी आणि दुसऱ्यावर ही, मधली फट बोटाच्या नखाएवढी. मला त्याचा चेहराच दिसेना. तो फार खूश होता. मागच्या पट्ट्याची एक शिवण बाकी होती, तेवढी घाल म्हणाला, मग झालंच. आणि मला काय करावं ते सुचेना. करून दिली तर शपथ पुरी होते आणि तो जातो. नाही म्हटलं तर शपथ सुटते आणि तो जातो. फाडून टाकली तर म्हणेल, तूच मोडली. पोलिसांत सांगावं तर इथं दर वर्षी बंदोबस्त असतो, अँब्युलन्स उभ्या असतात, आणि दगडही चालूच असतात. माझ्या हातानं केलेली वस्तू घालून माझा भाऊ उरलेला डोळा घालवून येईल, नाहीतर येणारच नाही, एवढंच डोळ्यांपुढे येतं. भाजी चिरतानाही तेच. मी कोणाला बोलले नाही, ह्यांनाही नाही. आई रोज फोनवर विचारते, तू करून तर नाही ना राहिली? मी म्हणते, नाही गं.

आता ते फडकं उघड. हीच ती. कुलदीपला मी सांगितलं आहे की माझं मनगट धरलं, जाड चामड्यात आरी जात नाही, तृप्तीनं पुण्यात रीतसर शिकून घेतलं आहे, तिच्याकडे अवजारं चांगली आहेत, शेवटची शिवण तिच्याकडून घालून मागवते. तो लगेच हो म्हणाला. तुझं नाव काढलं की तो हो म्हणतो, हे तुलाही माहीत आहे, मला उगाच खुलासा करायला लावू नकोस. सावरगावची पोरगी पांढुर्ण्याच्या गड्याची राखण शिवणार म्हणून दोस्तांत सांगूनही आला वेडा. म्हणजे आता ही तुझ्या हातात आहे, आणि जोवर ती होऊन राहिली आहे, पुरी झाली नाही, तोवर शपथ त्याला बांधून आहे. मारुतीची शपथ तो मोडणार नाही, तेवढा एक विश्वास मला आहे, दुसरा कशाचाच नाही. म्हणून सांगते, अवजारं कोणाला देऊ नकोस. वर जे जे शिकवलं ते सगळं कर. तेल लाव, सावलीत ठेव, पुन्हा लाव. शिव आणि उसव. वाकडं गेलं तर आनंदानं उसव. हवं तर ओली करून लोखंडी पळीवर बांध. शिकवणारी कधी कोणाला असं सांगत नसेल, पण मी तुझ्या पाया पडून सांगते, चुका कर बाई, पोळा होईस्तोवर मनसोक्त चुका कर. पोळ्याच्या दिवशी त्याचा फोन येईल, झाली का म्हणून. त्याला सांग, होऊन राहिली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येईल, तेव्हाही तेच सांग, आणि फोन ठेवू नकोस. पाकिटाचं विचार, संत्र्यांचं विचार, आपल्या शाळेचं काही काढ, रागव, रड, काय वाटेल ते कर, पण त्याला बोलत ठेव. झेंडा निघाला की दगड थांबतात, तेव्हा मी तुला मेसेज करते. मेसेज आला की मगच फोन ठेव.

घाबरलेली, आणि तुझीच,
उर्वशी