बॅटरीला दुलई

अक्रोडाच्या फळ्यांचा पलंग, अकरा खणांचं स्वयंपाकघर, छपरावरची चार सोलर पॅनेलं, भिंतींत मेंढीच्या लोकरीचा थर (आठ सेंटिमीटर, साडेसात नव्हे) आणि डिझेलचा हीटर, हे सगळं कुठेही न शिकता एका जुन्या बसमध्ये स्वतःच्या हातांनी बसवणाऱ्या रादिसावचा मिलोयकोदादांना सादर नमस्कार. गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? ल्युबिंका आठ दिवस तुमच्याकडे आहे, तेव्हा बहिणीची बाजू तुम्ही दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकत असालच. माझी जरा निराळी आहे, आणि तीत आकडे आहेत.

दादा, लिथियमची बॅटरी शून्याखाली गेली की वीज देते, पण घेत नाही (आपल्या सरपंचाच्या बरोबर उलट). इथे झ्लातिबोरच्या डोंगरावर उणे चौदा. बॅटऱ्या बसच्या पोटातल्या कप्प्यात. वर लख्ख ऊन, वीज तयार, खाली घ्यायला कोणी नाही. हीटर डिझेलचा खरा, पण त्याचा पंखा विजेचा, म्हणजे वीज संपली की टाकी भरलेली असून माणूस गारठतो. म्हणून दोन्ही बॅटऱ्या (प्रत्येकी तेवीस किलो चारशे ग्रॅम) वर आणून पलंगावर मधोमध निजवल्या. ल्युबिंका म्हणाली, "एकतीस वर्षांत माझे पाय गार आहेत का, असं कधी विचारलं नाहीस, आणि बॅटरीला दुलई!" मी म्हणालो, पाय शून्याखाली गेले तरी चालतात. (हे बोलायला नको होतं.)

तरी ती राहिली, कारण संत निकोलाचा दिवस तोंडावर होता. घराण्याच्या संताला आमंत्रण लागत नाही, त्याच्या पाहुण्यांनाही नाही, आणि आलेल्याला परत पाठवता येत नाही. अठरा आले. बस बेचाळीस जणांची आहे, पण तेव्हा तीत पलंग नव्हता. उपासाला चालणारा मासा, उकडलेले गहू, मेणबत्ती, घरची राकिया दारू, सगळं यथासांग झालं. फक्त दर पाच मिनिटांनी दार उघडायचं आणि ऊब गावाला जायची, म्हणून हीटर पूर्ण वेगात ठेवला. कोसाराकाकू थेट बॅटऱ्यांवर बसल्या. "खालून काय मऊ ऊब येते रे! देवमाणूस आहेस!" तासाभरात काचांवरून पाणी ओघळू लागलं, मेणबत्ती मिणमिणली, आणि हवा कोंदल्याचा भोंगा (तोही मीच बसवलेला) बोंबलला. पाहतो तो हवेच्या भोकात कुणीतरी मफलर कोंबलेला! आपल्या माणसांचं तुम्हाला ठाऊकच आहे. धूर सोसतील, उपास सोसतील, पण मानेवर झुळूक लागली की मरण ठरलेलं. अठराच्या अठरा बर्फात उभे केले आणि दार सताड उघडलं, तर काकू बाहेरूनच ओरडतात, "अरे दार लावा, झुळूक येतेय!"

तोवर पंख्याने उरलीसुरली वीज खाऊन टाकली. ल्युबिंकाने पिशवी उचलली. "संताच्या दिवशी पाहुणे बर्फात! ही बस विकलीस तर त्याच संध्याकाळी परत येईन," एवढंच म्हणाली आणि काकूंच्या गाडीत बसली.

तेव्हापासून मी दर दहा मिनिटांनी मीटर बघतो. बसलो की उठतो, उठलो की बघतो. दोन्ही बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या आहेत, कारण वापरायला कोणी नाही. बाकी सर्व क्षेम.

आपला,
रादिसाव

ता. क. महिनाभर बस तुमच्या अंगणात उभी राहिली तर चालेल का? तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक वायर घेईन, बस्स. (वायर माझी.) ल्युबिंकाला अंतर तेवढं दाखवा: तुमची खिडकी ते बसमधला पलंग, सहा मीटर वीस.

ता. क. २. मफलर काकूंचा, असं मी सगळ्यांना सांगितलंय. माझा होता. मानेला झुळूक लागत होती.

ता. क. ३. काल चाचाकहून एक गृहस्थ बस बघायला आला. दोन तास फिरला, लोकरीत बोट घालून थर मोजला, आठ भरला. जागच्या जागी रोख देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. हे ल्युबिंकाला सांगू नका, आणि आकडा तर मुळीच नको: सव्वीस हजार युरो.