पिंपामागचा डबा

कासार आंबोली
दि. १४ नोव्हेंबर २०२४

ती. कुशाबामामांस,
गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची पद्धत, पण मामा, या खेपेला हात धजत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आलं तर अर्धं उलटंच येतं, म्हणून कागदावरच मांडते. जुईली शाळेत, तुमचे भाचे पिरंगुटला कंपनीत, आणि तुमच्या अक्का, म्हणजे आमच्या आई, ओट्यावर बसल्या बसल्या झोपल्यात. सकाळचे अकरा वाजलेत.

सोमवारी त्यांनी दूध तापत ठेवलं आणि आत जाऊन आडव्या झाल्या. मी गावात शिवणाचे कपडे द्यायला गेले होते. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच वाहत राहिला. जुईली शाळेतून आली तिला वास आला. नऊ वर्षांची पोर ती, पण बटण बंद करून आजीला हाताला धरून तिनं बाहेर आणलं. तिनं दिवा लावायचं बटण दाबलं असतं तर?

दिवाळीपासून हे वाढतच चाललंय. उठताना भिंत धरतात, दोनदा पडल्या. बोलता बोलता डोळा लागतो. परवा मला त्यांनी नलिनीताई म्हणून हाक मारली. ज्या बंगल्यात आईंनी बारा वर्षं झाडलोट केली, त्या बंगल्याच्या बाई. त्यांचे साहेब मागच्या वर्षी वारले, तेव्हापासून बंगल्याला कुलूप आहे. मी गौतमी म्हटलं, तर आई हसल्या, पण डोळ्यांत ओळख नव्हती.

डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं व्हायचंच. तुमच्या भाच्यांनी पुण्यातल्या एका वृद्धाश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय. दिवसभर घरात कुणी नसतं, पोरीचा जीव जाईल एखाद दिवशी, असं ते म्हणतात. मला ते खोटंही पाडता येत नाही आणि पटतही नाही. तुम्ही भाऊबिजेला दोन दिवस होतात. तुम्हाला काही वेगळं दिसलं का?

मामी गेल्यापासून तुम्ही नुसत्या पिठल्यावर दिवस काढता हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा जेवणाचं खोटं लिहू नका. एवढं लिहून थांबते. आमच्यावर जीव आहे तसाच ठेवा.
आपली सून,
गौतमी


भोर
दि. २२ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गौतमीस,
कुशाबामामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आठव्या दिवशी पडलं. मी टपाल वाटत होतो तेव्हा पौडचं पत्र तिसऱ्या दिवशी भोरात असायचं. असो. पिठलं मला आवडतं म्हणून मी ते खातो. त्यात कुणी नाक खुपसायचं कारण नाही.

माझ्या भाच्याला, जयसिंगाला सांग, तुझ्या बापाच्या माघारी या बाईनं गुडघाभर चिखलात भात लावून तुला शिकवलं. तिला आश्रमात टाकायला तुझी जीभ रेटली कशी, म्हणावं. फॉर्म आणायला बरी सवड मिळाली. दोन वेळा पडली म्हणजे काय झालं? मीही पडतो. कोण फॉर्म आणतो ते बघतोच.

भाऊबिजेला मला काही वेगळं दिसलं नाही. अक्का नेहमीसारखीच होती. थोडी थकलेली वाटली, पण दिवाळीचं फराळाचं काम काय कमी असतं?

गॅसचं वाचून मात्र उठून आधी माझ्या घरातलं बटण बघून आलो. जुईलीला माझ्याकडून शाबासकी दे. आणि हे बघ, ती कुठल्या कुठल्या गोळ्या घेते ते एकदा नीट बघून घे. मी सहज लिहितोय, त्यात दुसरा काही अर्थ काढू नकोस.

रात्री नीट झोप येत नाही, म्हणून अक्षर वाकडं झालंय. तुमच्या सगळ्यांची आठवण काढणारा,
कुशाबामामा


कासार आंबोली
दि. २ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
गौतमीचा शि. सा. न. वि. वि.

रागावून का होईना, तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. ते जेवणाचं ताट तसंच सरकवून उठले. त्यांनाही आतून काय होत असेल ते मला दिसतं. तोंडानं कठोर बोलतात आणि कंपनीतून दिवसातून चार वेळा फोन करून आई काय करतेय विचारतात.

गोळ्यांचं तुम्ही लिहिलंत आणि तेवढ्यात पिरंगुटला फार्मासिस्ट मंडळाचा बोर्ड दिसला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी समाजमंदिरात साठीच्या पुढच्यांनी घरातली असतील नसतील तेवढी औषधं पिशवीत घालून आणायची, ते तपासून देतात. मला आधी हसूच आलं. औषधं विकणारेच औषधं कमी करा म्हणून सांगणार होय? पण काल आईंना घेऊन गेले.

तिथं सुरैयाबाई होत्या. बाजारात अल्लाबक्षचाचांचं मेडिकल आहे ना, त्यांची सून. मी माझी शंका तोंडावरच बोलून दाखवली. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, दुकानदारांची संघटना वेगळी, हे मंडळ औषधशास्त्र शिकलेल्यांचं आहे, इथं कुणी काही विकत नाही. म्हाताऱ्या माणसाला तीन डॉक्टर तीन कागद देतात, आणि ते तिन्ही कागद शेजारी ठेवून बघायला कुणाला वेळ नसतो, म्हणून मंडळानं हे काम अंगावर घेतलं. अर्धा तास त्या आईंजवळ बसल्या. एवढा वेळ आजवर कुठल्या डॉक्टरनं दिला नव्हता.

पिशवीत तीनच गोळ्या होत्या. ब्लडप्रेशरची, कॅल्शियमची आणि गुडघ्याची. सुरैयाबाईंनी बसवून आणि उभं करून ब्लडप्रेशर मोजलं. उभ्या राहिल्या की एकदम खाली जात होतं. या एका गोळीनं इतकं उतरायला नको, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्यांच्या छापील कागदावर एक प्रश्न असतो, दुसऱ्या कुणाची औषधं घेता का? आईंनी मान हलवून नाही सांगितलं. पण सांगताना पदर घट्ट धरला होता.

मंडळाच्या नियमानं शंका राहिली की घरी येऊन बघतात. सुरैयाबाई आज सकाळी दुकान सोडून आल्या, तर आईंनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. घरात परक्यांनी उचकापाचक केलेली चालायची न्हाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुरैयाबाई म्हणाल्या, मी पुन्हा येईन, बोलावलंत तर कधीही येईन.

यांचा धीर मात्र संपलाय. सोळा डिसेंबरला, सोमवारी, आश्रमात जागा मिळतेय. यांनी होकार कळवला. आईंच्या नऊवारी मी धुऊन घड्या घालून ठेवायच्या आहेत, आणि त्या घड्या माझ्याच्यानं होत नाहीत. मामा, तुम्हाला काही म्हणजे काही ठाऊक असेल तर लिहा. तुमच्या पत्राची वाट बघते.
आपली सून,
गौतमी


भोर
दि. ७ डिसेंबर २०२४
(स्पीड पोस्टनं)

चि. सौ. गौतमीस आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी हातात पडलं आणि मी तसाच लिहायला बसलो. मी तुला खोटं लिहिलं होतं. आधी तेवढं कबूल करतो.

भाऊबिजेच्या दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो, तर अक्का तांदळाच्या पिंपामागून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढत होती. आत गोळ्यांच्या पट्ट्या ठासून भरलेल्या. मी विचारलं तर आधी चिडली, मग रडवेली झाली. बंगल्यातले साहेब गेल्यावर नलिनीताईंनी त्यांच्या उरलेल्या गोळ्या फेकून द्यायला तिच्याकडे दिल्या होत्या. तिनं फेकल्या नाहीत. रोज त्यातल्या घेते. चोरी म्हणतील, अशी तिला धास्ती. बारा वर्षं त्या घरात चमचा इकडचा तिकडे झाला नाही, आता शेवटाला डाग नको, असं म्हणत होती.

संध्याकाळी ओवाळताना मी ताटात नोट टाकायला गेलो, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "पैसं नको कुशाबा. कुणाला सांगणार न्हाईस, येवढी ओवाळणी घाल." आणि मी घातली. बहिणीनं सत्तर वर्षांत मागितलेली ही एकच ओवाळणी. ती परत घेताना माझी काय गत झाली असेल ते तू समजून घे. पहिल्या पत्रात त्यामुळेच आडून सुचवलं आणि अंग काढून घेतलं. गॅसचं वाचूनही गप्प बसलो, याची लाज वाटते.

शेजाऱ्याकडून फोन करवता आला असता. पण अक्काची ही गोष्ट तिऱ्हाइताच्या तोंडी घालायची नव्हती. माझ्या हिशेबानं हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. चाळीस वर्षं टपाल वाहिलं, या खेपेला तरी त्यानं माझी लाज राखावी.

तिच्या अंगावर ओरडू नका. जयसिंगाला सांग, ओरडायचं असेल तर भोरला येऊन माझ्यावर ओरड. तुमचा अपराधी,
कुशाबामामा


कासार आंबोली
दि. १३ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
गौतमीचा नमस्कार.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. एक महिना, मामा. एक महिना मी पोरीला आजीजवळ सोडायला भीत होते आणि तुम्हाला ठाऊक होतं. मला तुमचा फार राग आला. अजून आहे. पण कळवलंत, म्हणून नमस्कार लिहिला.

मी डबा शोधला नाही. सुरैयाबाईंना फोन केला, त्या अर्ध्या तासात आल्या. त्यांनी एकट्यांनीच आत जाऊन आईंजवळ बसकण मारली. मला बाहेर थांबायला सांगितलं. नंतर कळलं, त्या म्हणाल्या की मंडळाच्या कागदावर औषध कुठून आलं हा रकानाच नाही, मला फक्त कोणतं आहे तेवढंच लिहायचंय. बऱ्याच वेळानं आईंनी स्वतः उठून डबा आणून दिला.

आईंना सरकारी दवाखान्यातून मिळते तीच ब्लडप्रेशरची गोळी साहेबांच्या पट्टीत दुसऱ्या कंपनीच्या नावानं होती. आई दोन्ही घेत होत्या. आणि पांढरी बारीक गोळी होती ती झोपेची. तीही कधी एक, कधी दोन, भर दिवसा. सुरैयाबाईंनी ओट्यावरूनच आमच्या डॉक्टरांना फोन लावला, मंडळाच्या कागदावर सगळं लिहून दिलं आणि मला बजावलं की औषध बंद करायचं ते डॉक्टर सांगतील तसंच. डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची दुसरी गोळी लगेच थांबवली. झोपेची मात्र एकदम सोडली तर त्रास होतो, म्हणून दर आठवड्याला थोडी थोडी उतरवायची. डॉक्टर मला म्हणाले की वयाच्या नावावर मीही घाईच केली. एवढं कोण कबूल करतं?

आई सुधारतील की नाही हे आज कुणी छातीठोकपणे सांगत नाही. काही औषधानं आणि काही वयानं असंही असू शकेल, असं सुरैयाबाई स्पष्ट बोलल्या. यांनी आश्रमात दीड महिन्याची मुदत मागून घेतली. ते लोक म्हणाले, जानेवारीच्या शेवटाला हो की नाही ते सांगा. आता एकेक दिवस मोजतेय. रोज सकाळी उठल्यावर आईंनी मला कोणत्या नावानं हाक मारली ते कॅलेंडरवर लिहून ठेवते.

त्या गोळ्या का घेत होतात, असं मी विचारलं. त्या पदरानं डोळे पुसतात आणि उठून जातात. तुमच्यावर मात्र पक्क्या रुसल्यात. तब्येत जपा. राग आहे, पण नातं आहे तिथंच आहे.
गौतमी


आंबोली
२७ जानेवारी २०२५

चि. कुशाबास,
अक्काचा आशीर्वाद.

मी तुझ्याशी बोलत न्हाई. नुसती लिहितेय. तुझी चौथी होईपर्यंत तूच शाळंतनं येऊन माझ्या पाटीवर बाराखडी काढून द्यायचास म्हणून येवढं तरी येतंय. गौतमी म्हनली मी लिहिते, मी न्हाई म्हनलं.

तू ओवाळणी परत घेतलीस. आसं कुठल्या भावानं केलंय? लई राग आला. चार दिवस तुझं नाव घेतलं न्हाई. मग एक दिस सकाळी उठले, भिंत न धरता मोरीपर्यंत गेले, आन मग ध्यानात आलं, तू सांगितलंस ते बरं केलंस.

आता नीट हाय. दुपारी झोप येत न्हाई. कॅलेंडर गौतमीनं दाखवलं, सतरा दिस लागोपाठ गौतमीच लिव्हलंय. दूध मी तापवते, जुईली राखणीला बसते. परवा जयसिंग्यानं पुण्याला फोन करून सांगितलं जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणून. फोन ठेवला आन माझ्या पायाशी बसून ल्हान पोरावानी रडला. मी त्याला म्हनलं, उठ, कामाला उशीर होतोय.

आता तुला सांगते, गोळ्या का घेत होते ते. सुरैयाबाईला पन सांगितलं न्हाई. बंगल्यातल्या सायबांना विसर पडायचा. नलिनीताईंना वळखायचे न्हाईत, फाटक उघडून रस्त्याला लागायचे. मग पोरांनी त्यांना आश्रमात ठेवलं. दोन महिने जगले. जाताना गाडीत बसवताना त्यांनी माझा हात सोडला न्हाई, माझी बोटं त्यांच्या मुठीतनं एकेक करून सोडवावी लागली. ते मला दिसत ऱ्हायचं. त्या पांढऱ्या गोळीनं सायेब शांत बसायचे, म्हनून मला वाटलं, विसरावर हेच औषध. आपल्याला तसं होऊ नये म्हनून एक घ्यायला लागले. मग इसरायला लागले. गौतमी ओरडली की आजून एक घ्यायचे. तुझ्या भाच्यानं फॉर्म आनला त्या दिशी दोन घेतल्या. जे होऊ नये म्हनून घेत होते, तेच होत होतं कुशाबा, आन मला कळत न्हवतं.

पाच तारखेला मंडळात गेले हुते. कोळवणची एक म्हातारी पिशवी घेऊन आली हुती. सुरैयाबाईनं इचारलं दुसऱ्या कुणाचं औषध घेता का, तर तिनं पदर धरला. मला लगीच कळलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आन माझ्या डब्याचं सांगितलं. तिनं पदराखालनं पुडी काढली. आता सुरैयाबाई म्हनतात दर म्हैन्याला या. जानार हाय.

दोन तारखेला रविवार हाय. तू शनिवारीच ये. पत्रात झोप येत न्हाई म्हनून लिव्हलंस, आन भाऊबिजेला तुझ्या कोटाच्या खिशात मी औषधाची बिनकागदाची बाटली बघितली हुती. बोलले न्हवते. येताना ती घेऊन ये, घरातलं सगळं पिशवीत भरून आन, मी तुझ्या शेजारी बसेन. कुणाला सांगू नको म्हनशील तर ती ओवाळणी मी घालनार न्हाई.

तुझी,
अक्का